एकदाच परत येणारा आवाज

कोबर्ग, मेलबर्न
३ जून

प्रिय फर्ग,

फोन न करता पत्र लिहितेय याचं नवल वाटेल. पण फोन उचलला की तुझा भाऊ रॉस वॉकर ढकलत येतो, शेजारी बसतो आणि एकेक शब्द टिपतो. कान शाबूत आहेत त्याचे. म्हणून लाँड्रोमॅटमध्ये बसून लिहितेय. घरचं मशीन बंद पडलंय आणि चादरी तर रोजच्या रोज निघतात.

काम असं आहे की मला एक डिले हवाय, आवाजाला जरा उशीर करणारा. आमच्या सिंथेसायझरच्या रॅकमध्ये होता तो मॉड्यूल कधीच मेला, आणि रॉसचे हात थरथरायला लागल्यापासून अख्ख्या रॅकवरच चादर घातलेली आहे. पूर्वी त्या वायरींच्या जंजाळात आम्ही दोघं जेवण विसरायचो. आता मी तिथून जाताना नुसती धूळ झटकते.

रॉसचं बोलणं मला समजेनासं झालंय. शब्द एकमेकांवर चढतात, शेवटचे तर ओठांतच राहतात. दवाखान्यात लोक माझ्या तोंडाकडे बघतात, हा काय म्हणाला ते मी सांगावं म्हणून, आणि मी काहीतरी बनवून सांगते. लिहून घे म्हणशील, तर अक्षर ओळीगणिक मुंगीएवढं होत जातं. पार्किन्सन्सने काही म्हणजे काही ठेवलं नाही.

थुई म्हणून एक मुलगी आहे, त्याच्याकडून बोलण्याचे व्यायाम करून घेते. परवा तिने त्याच्या कानाला एक यंत्र लावलं. बोललेलं त्याचं त्यालाच जरासं उशिरा ऐकू येतं, सेकंदाच्या विसाव्या भागाने वगैरे, की माणूस त्या आवाजासाठी थांबतो आणि आपोआप सावकाश बोलतो. सगळ्यांना लागू पडत नाही म्हणाली. रॉस जरा वेळ गोंधळला आणि मग स्वच्छ म्हणाला, "ही खुर्ची भिकार आहे." फर्ग, मी तिथे रडले. एका खुर्चीवरून!

ते यंत्र घरी मिळायला कित्येक महिने लागतील. मी मनात म्हटलं, अगं बाई, हा तर साधा डिले आहे, आणि आपल्या घरात अशा वस्तूंची भिंत उभी आहे.

मला घाई आहे. इथल्या वृद्धांच्या होममध्ये त्याचं नाव घातलंय आणि ते आता यादीत वर आलंय. खोली रिकामी झाली की विचारतील, आणि त्याला विचारल्याशिवाय मी काहीही उत्तर देणार नाही. नुसत्या मान हलवण्यावर मी जायची नाही, मान तशीही हलतेच त्याची. मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. खरं सांगू? तो नाही म्हणेल असं मला वाटतं, आणि त्याने नाहीच म्हणावं असंही वाटतं. मग मी थकले तरी त्याच्या सांगण्यावरून थकेन.

तुझ्याकडे डिलेचं अख्खं कपाट आहे. कुठला घेऊ ते सांग.

तुझी,
नेरिडा


विनयार्ड, टास्मानिया
९ जून

नेरिडा,

शाळेच्या बसच्या दोन फेऱ्यांमध्ये, स्टिअरिंगवर कागद ठेवून लिहितोय. अक्षराला हसू नकोस.

डिले हवाय आणि तू मला विचारलंस, म्हणजे अजून अक्कल शाबूत आहे तुझी. आता नीट ऐक. डिले तीन जातीचे. पहिला डिजिटल. जे घालशील तेच बाहेर येणार, धुतलेलं, इस्त्री केलेलं. माझ्या रॅकमध्ये एक आहे, कोपऱ्यात, जागा भरायला ठेवलाय. दुसरा तुकडे करणारा. आवाजाचा चुरा करतो आणि उधळतो. मला आवडतो, पण रॉस त्याला कायम 'फुटलेली कपबशी' म्हणायचा.

तिसरा खरा. बादल्यांचा. आग लागली की गावकरी रांगेत उभे राहून हातोहात बादल्या पोचवतात ना, तसा आतल्या चिपमध्ये आवाज एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि वाटेत थोडा सांडतो. तो सांडतो म्हणून तर मजा आहे! प्रत्येक वेळी परत येताना आवाज अधिक मऊ, अधिक धूसर. रिपीटचा नॉब वर नेलास की एक शब्द बोलून माणसाने चहा करून यावं, शब्द अजून खोलीत असतो.

रॉसच्या आवाजासाठी मला हाच योग्य वाटतो. तुझं पत्र वाचल्यापासून डोक्यात तेच आहे. त्याचा आवाज आहे तोवर धरून ठेवायला हवा. तू माईक लाव, त्याला दोन-चार शब्द बोलू दे आणि फिरू दे ते आत. रेकॉर्डही करून ठेव. आपण त्यावर काहीतरी बांधू. मी खाली ऑर्गनसारखा एक सूर धरीन. पूर्वी हॉलमध्ये वाजवायचो तसं.

मॉड्यूल सोबत पाठवतोय. मीच जुळवलेला आहे, विजेची पट्टीची वायरही मीच केली आहे. लावताना लाल काठ खाली, हे तुला मी काय सांगणार. परत करायची घाई नाही.

होमबद्दल लिहिलंस. त्यावर नंतर बोलू. बसमध्ये पोरं चढायला लागली.

फर्ग


कोबर्ग
२० जून

फर्ग,

तुझा मॉड्यूल मेला.

लाल काठ खालीच लावला होता मी. दोनदा बघितलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा बघितलं. बटण दाबलं आणि करपल्याचा वास सुटला, पाठोपाठ धुराची बारीकशी रेघ. रॉस खुर्चीतून काहीतरी ओरडला. काय ओरडला कोण जाणे. बहुतेक बंद कर म्हणत असावा. मी बंद करेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. मग मी तुझी वायर उजेडात धरली. एका टोकाचा सॉकेट तू उलटा दाबला आहेस. लाल काठ खाली ठेवला तरी वीज उलटीच जाणार. आयुष्यभर दुसऱ्यांना लाल काठ, लाल काठ म्हणून पिडलंस ना रे, आणि स्वतः हे करून ठेवलंस! नशीब, बाकीचा रॅक वाचला.

पण मी चिडलेय ती वायरीवरून नाही. माझं पत्र तू वाचलंस की नाही? त्याचा आवाज मला साठवून ठेवायचा नाहीये. धूसर तर मुळीच नको. हळूहळू विरत जाणारा आवाज माझ्या घरात रोज सकाळपासून चालू असतो, त्याला तुझी चिप कशाला लागते? तो माणूस जिवंत आहे. सूप पितो, फुटबॉलच्या मॅचला टीव्हीवर शिव्या घालतो, त्या तेवढ्या कळतात. मला त्याच्याशी बोलायचंय, त्याच्यावर गाणं बांधायचं नाहीये.

मला तुझा तो कोपऱ्यातला हवाय. धुतलेला, इस्त्री केलेला. आवाज एकदा परत आला पाहिजे, एकदाच, जसाच्या तसा, थोडा उशिरा. रिपीट शून्यावर. मूळ आवाज बंद, फक्त उशिराचा चालू. एवढंच. तुझ्यासारख्याला कंटाळा येईल असा डिले हवाय मला.

पाठ धरलीय, फार लिहवत नाही. काल त्याला टबमधून काढताना दोघंही घसरलो. लागलं नाही कुणाला. बराच वेळ तिथेच ओल्या फरशीवर बसून राहिलो.

नेरिडा


विनयार्ड
२६ जून

नेरिडा,

वायर मीटरला लावून बघितली असती तर कळलं असतं. नाही बघितली. दुसऱ्याच्या वायरी तपासतो, स्वतःच्या नाही. यापुढे जो कोणी माझ्यासमोर लाल काठाचं नाव काढेल त्याला तू हे पत्र दाखव.

कोपऱ्यातला पाठवतोय. तो काढायचा म्हणजे त्याच्यातून गेलेल्या वायरी काढाव्या लागल्या, आणि गेल्या उन्हाळ्यापासून लावून ठेवलेला पॅच मोडला. तुला ठाऊकच आहे, एकदा वायरी उपसल्या की तोच आवाज पुन्हा जुळत नाही. सांगत होतो एवढंच. उपकार म्हणून नाही.

वायर या वेळी मीटरने तपासली, मग शेजारच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून तपासून घेतली, मग पुन्हा मी. विरत जाणाऱ्या आवाजाबद्दल तू लिहिलंस ते वाचून बसमध्ये बराच वेळ बसलो होतो. शेवटी पोरांनीच हाक मारली, "ड्रायव्हर, जायचंय की नाही?"

आता होमचं. मला वाटतं तू विचारूच नकोस त्याला. रॉस नाहीच म्हणणार, हे मी त्याचा भाऊ म्हणून सांगतो. आई शेवटी अशाच एका ठिकाणी होती आणि तिला भेटून आलो की तो गाडीत एक अक्षर बोलायचा नाही. मला एकदा म्हणाला होता, "मला असल्या ठिकाणी टाकलंत तर भूत होऊन येईन." त्याला तिथे ठेवणं म्हणजे जिवंतपणी पुरणं आहे. तुला मदतीला एखादी बाई लावता येईल की. थोडं सोस. तू खंबीर आहेस.

फर्ग


कोबर्ग
३ जुलै

फर्ग,

मॉड्यूल पोचला. लावला. चालू झाला, वास नाही, धूर नाही. माईकसमोर मी स्वतः बोलून बघितलं. नॉब मध्ये एका ठरावीक जागी आला की आपलाच आवाज आपल्याला अडवतो आणि जीभ जड होते. म्हणजे यंत्र बरोबर आहे.

माणूस बरोबर नाही. रॉस हेडफोन घालू देत नाही. दवाखान्यात थुईसमोर घातले होते, ती परकी म्हणून. मी जवळ नेले की डोकं फिरवतो. काल हिसकून खाली टाकले. मी समजावलं, लाडीगोडी लावली, शेवटी ओरडले. ओरडल्यावर तो भिंतीकडे तोंड करून बसला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन त्याला ठसका लागू नये म्हणून चहात घालते ती घट्ट करायची पूड ढवळत राहिले, चहाची खीर होईपर्यंत.

होममधून फोन आला होता. खोली रिकामी झालीय, खिडकी बागेकडे आहे. पंधरा तारखेच्या आत कळवायचंय. नाहीतर पुढच्या माणसाला देणार, आणि आमचं नाव तळाला.

आणि एक सांगते. मी खंबीर आहे हे मला पुन्हा लिहू नकोस. समुद्राच्या पलीकडून बघितलं की सगळेच खंबीर दिसतात. तुझी आई तसल्या ठिकाणी जाईपर्यंत तिच्या चादरी कोण धूत होतं, ते आठवून बघ. मी धूत होते. रॉस गाडीत बोलायचा नाही कारण त्याला बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय याची लाज वाटायची. पण तेही मी आपलं ठरवलेलं. त्याला विचारायला मला कधी सुचलं नाही.

नेरिडा


विनयार्ड
७ जुलै

नेरिडा,

खंबीर हा शब्द परत घेतो. आईच्या चादरींचंही बरोबर आहे.

हेडफोनचं चुकतंय तुझं. 'तुझ्या बोलण्यासाठी' म्हणून घालायला सांगत असशील. तो माणूस औषध म्हणून काही घेणार नाही. त्याला सांग, फर्गने डिले पाठवलाय आणि तो कसा आहे ते विचारतोय. बाकी काही बोलू नकोस. मॉड्यूल समोर आहे आणि रॉसने त्यावर मत दिलं नाही, असं झालेलं मी जन्मात पाहिलं नाही. आमच्यात असंच होतं. कुणीही नवा मॉड्यूल आणला की आधी रॉसपुढे ठेवायचा, तो ऐकणार, नाक मुरडणार, मगच तो रॅकमध्ये जाणार. माझ्या बादल्यांवालाच तेवढा एक त्याने पहिल्या झटक्यात पास केला होता. जाऊ दे.

तो काय म्हणतो ते मला कळव. दोन्ही बाबतींत.

फर्ग


कोबर्ग
१४ जुलै

प्रिय फर्ग,

शेवटचे तीन दिवस उरले होते तेव्हा तुझं पत्र आलं. ते वाचून मला हसूही आलं आणि स्वतःचा रागही. इतकी वर्षं त्याच्या शेजारी उभी राहून वाजवलं आणि हे मला सुचू नये!

परवा दुपारी त्याचं जेवण उरकलं, रॅकवरची चादर पूर्ण काढली, बटण दाबलं, रॅकचे दिवे लागले आणि मी काही न बोलता खुर्ची समोर नेली. त्याने रॅक वरपासून खालपर्यंत बघितला. नव्या मॉड्यूलवर नजर थांबली. मी म्हटलं, "फर्गने पाठवलाय. कसा आहे विचारतोय."

हेडफोनसाठी त्याने स्वतः हात पुढे केला. डोक्यावर ओढायला बराच वेळ लागला. मी मदत केली नाही. मग नॉबकडे हात नेला. बोटं नॉबच्या आजूबाजूला नाचत होती. मी माझे हात मांडीखाली दाबून बसले. शेवटी एक नॉब त्याने हलवला, माईककडे तोंड नेलं आणि नेहमीसारखं भराभर काहीतरी सुरू केलं. मध्येच अडखळला. थांबला. कानातला आवाज येऊन जाईपर्यंत थांबला, आणि मग एकेक शब्द ठेवत म्हणाला:

"हा. डिले. भिकार. आहे."

मी हसले. तोही हसला, चेहरा हलला नाही पण मला कळतं.

"काहीच. करत नाही," तो म्हणाला. "फर्गला. परत. पाठव."

तेव्हा, फर्ग, तुझं पहिलं उत्तर हे असं आहे.

मग मी विचारलं. इतके दिवस पाठ करून ठेवलेली वाक्यं होती, ती सगळी विसरले आणि नुसतं म्हटलं, "रॉस, होममध्ये खोली रिकामी झालीय. तुला जायचंय का?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी वायर चुकीच्या भोकात घातली की बघायचा.

"मी. रोज. विचारतोय," तो म्हणाला.

"काय विचारतोयस?"

"कधी. नेणार. मला. रोज रात्री. विचारतो. तू म्हणतेस. हो, हो."

मला आधी कळेचना. मग कळलं. रात्री त्याला झोपवते, पांघरूण घालते, तेव्हा तो काहीतरी पुटपुटतो, रोजच पुटपुटतो. मला वाटायचं पाय गार पडलेत म्हणत असेल, किंवा दार लावलंस का म्हणून विचारत असेल. आणि मी दिवा मालवता मालवता म्हणते, हो रे राजा, हो. रोज म्हणते. त्याला वाटत होतं मी कबूल करते आणि सकाळी विसरते.

"तू. झोपत नाहीस," तो म्हणाला. "पडशील. मग. दोघंही. पडू. कोण. उचलणार."

मी म्हटलं, "नाही. मी नाही नेणार तुला."

तो काय म्हणतोय ते मला कळत होतं, आणि कळल्यावर माझ्या तोंडून पहिलं उत्तर निघालं ते हे. इतके दिवस मी त्याच्या नकाराची वाट बघत होते ना, तो नकार माझाच निघाला. मला घरी राहिलेला रॉस हवा होता, आणि ते त्याने मागावं अशी माझी इच्छा होती, म्हणजे मला मागायला नको. तू आणि मी, आपण दोघं त्याच्या वतीने किती ठामपणे बोलत होतो, फर्ग. भूत होऊन येईन म्हणाला होता ते मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तेव्हा. मी. तरुण होतो. गाढव."

मग त्याने हेडफोन काढले आणि मांडीवर ठेवले. त्याच्या बाजूने विषय संपला होता. मी रडत होते, तो रॅककडे बघत होता. एक हात मात्र त्याने माझ्या गुडघ्यावर ठेवला होता आणि तो थरथरत होता, नेहमीसारखा.

दोन रात्री मी काढल्या. दोन्ही रात्री त्याने पुटपुटून विचारलं. आता काय विचारतोय ते माहीत असल्यामुळे मला हो म्हणवेना आणि नाही म्हणायचीही लाज वाटायला लागली. आज सकाळी फोन केला आणि त्यांना हो सांगितलं. मंगळवारी सकाळी न्यायचंय. तुझ्या शाळांना सुट्टी लागली आहे ना, सोमवारची बोट पकड. त्याला गाडीत बसवायला मला एक माणूस लागेल, आणि परत येताना गाडीत माझ्याबरोबर कुणीतरी हवं.

फोन ठेवल्यावर मी तिथेच पॅसेजमध्ये जमिनीवर बसले. जरा टेकावं म्हणून भिंतीला डोकं लावलं आणि गाढ झोपले. किती दिवसांनी अशी झोपले असेन देव जाणे. जाग आली तेव्हा ऊन सरकून दुसऱ्या भिंतीवर गेलं होतं आणि अंगावर त्याचं जाड जॅकेट होतं. त्याला हल्ली खुर्चीतून एकट्याने उठवत नाही, फर्ग. खुंटीवरून जॅकेट काढायला वॉकर सोडावा लागतो. हे त्याने कसं केलं असेल मला सांगता येणार नाही.

तो वॉकर धरून माझ्याजवळच उभा होता. वाकून काहीतरी म्हणाला, भराभर, सगळे शब्द एकात एक. काही म्हणजे काही कळलं नाही.

मी हो म्हटलं नाही. म्हटलं, "परत सांग."

नेरिडा